सातवा विकार: सिकल सेलचे वाहक आणि मूत्रपिंडाचा एक दुर्मीळ कर्करोग

१/
जानेवारी १९९५. ‘अमेरिकन जर्नल ऑफ सर्जिकल पॅथॉलॉजी’ या नियतकालिकात तीन विकृतिशास्त्रज्ञांचा एक लेख प्रसिद्ध झाला. चार्ल्स डेव्हिस, एफ. के. मोस्तोफी आणि इझाबेल सेस्टरहेन हे त्याचे लेखक. मूत्रपिंडाच्या एका नव्या कर्करोगाला त्यांनी नाव दिले होते: रीनल मेड्युलरी कार्सिनोमा, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाभ्यातून उद्भवणारा कर्करोग. शीर्षकाच्या उत्तरार्धात या कर्करोगाची ओळख सिकल सेलमुळे होणारा मूत्रपिंडाचा ‘सातवा’ विकार अशी करून दिली होती. हा दुवा सिकल सेलशी जोडला जाणे महत्त्वाचे का, आणि तो विदर्भ-खानदेशापर्यंत कसा पोहोचतो, याचा हा मागोवा.

२/
या शोधाची जागा ध्यानात घेण्यासारखी आहे. हे तिघे वॉशिंग्टनच्या ‘आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट ऑफ पॅथॉलॉजी’शी संबंधित होते. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये स्थापन झालेले सैन्य वैद्यकीय संग्रहालय हे या संस्थेचे मूळ रूप. निदानाचा पेच पडला की देशभरातील डॉक्टर तेथे काचपट्ट्या पाठवीत, आणि त्या रुग्णाच्या कागदांसह तेथे जपून ठेवल्या जात. अभिलेखागाराला जे महत्त्व इतिहासकाराच्या लेखी असते, ते या संग्रहाला विकृतिशास्त्रात होते.

३/
त्या संग्रहातून २२ वर्षांच्या काळातील तीसहून अधिक अर्बुदे एकत्र केल्यावर एक विलक्षण सारखेपणा समोर आला. मूत्रपिंडाचा कर्करोग हा सामान्यतः उतारवयाचा आजार. हे रुग्ण मात्र ११ ते ३९ वर्षांचे होते. चोविशीच्या आतील रुग्णांत मुलींच्या तिप्पट मुलगे होते. एक अपवाद वगळता सगळे कृष्णवर्णीय होते आणि जवळजवळ सगळे सिकल सेलचे वाहक होते. शस्त्रक्रियेनंतर ते सरासरी १५ आठवडे जगले.

४/
लेखकांचा दावा धीट होता. या अर्बुदाची सूक्ष्मदर्शकाखालची रचना इतकी वेगळी आहे की ती पाहूनच रुग्णाच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन असल्याचे जवळपास खात्रीने सांगता यावे, असे त्यांनी नोंदवले. मूत्रपिंडाच्या गाठीवरून रक्ताचा आनुवंशिक गुणधर्म ओळखणे ही वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडणारी गोष्ट आहे.

५/
हा दावा समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये, ग्रेनाडाहून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. ‘सिकल सेल अॅनिमिया’ हे नाव व्हर्न मेसन यांनी १९२२ मध्ये रूढ केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील बिघाड असल्याचे दाखवले, तर जेम्स नील यांनी त्याची आनुवंशिकता स्पष्ट केली. पुढे व्हर्नन इन्ग्रम यांच्या संशोधनातून हा सारा बिघाड हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकाच अमिनो आम्लाच्या बदलामुळे होतो, हे सिद्ध झाले.

६/
आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर सिकल सेलचा आजार होतो. एकाकडूनच आले, तर व्यक्ती वाहक ठरते. वाहकाच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिनचे प्रमाण निम्म्याहून कमी असते. त्याला नेहमीच्या वेदनांचे झटके येत नाहीत आणि हिवतापाच्या गंभीर रूपापासून त्याला काही प्रमाणात संरक्षणही मिळते. त्यामुळे ‘वाहक निरोगी असतो’ हे वाक्य समुपदेशनात गेली कित्येक दशके सांगितले जाते. ते बहुतांशी खरेच आहे. अपवाद आहे तो मूत्रपिंडाच्या गाभ्याचा.

७/
मूत्र दाट करण्याचे काम मूत्रपिंडाच्या गाभ्यात चालते. त्यासाठी तेथील क्षारांची तीव्रता रक्ताच्या सुमारे चौपटीपर्यंत चढते. रक्तप्रवाह मंद असतो, प्राणवायू बाहेरच्या थरापेक्षा कितीतरी कमी असतो आणि आम्लता अधिक असते. सिकल हिमोग्लोबिनच्या पेशींना वाकायला भाग पाडणाऱ्या सगळ्या गोष्टी येथे एकाच ठिकाणी आढळतात. उर्वरित शरीरात शहाण्यासारखी वागणारी वाहकाची रक्तपेशी या अरुंद वाहिन्यांत विळ्याचा आकार घेते. गाभ्याला होणारी लहान लहान इजा वर्षानुवर्षे साचत जाते.

८/
या इजेचे सहा परिणाम आधीपासून माहीत होते: लघवीतून रक्त जाणे, गाभ्याच्या टोकाकडील ऊतक मरून गळणे, लघवीतून प्रथिने वाहून जाऊन सूज येणे, रक्तपुरवठा तुटून मूत्रपिंडाचा एखादा भाग मृत होणे, मूत्र दाट करण्याची क्षमता घटणे आणि मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग. यांतील काही विकार वाहकांतही दिसतात. १९९५ च्या लेखाने या यादीत सातवे नाव घातले. पहिले सहा बहुधा सोसता येतात. सातव्याच्या बाबतीत वेळ हाताशी राहत नाही.

९/
आता अर्बुदाकडे वळू. मूत्रपिंड कापून पाहिले असता मुख्य गाठ मध्यभागी, गाभ्यात आढळते. १९९५ च्या मालिकेत तिचा आकार ४ ते १२ सेंटिमीटर होता. मूळ गाठीभोवती, बाहेरच्या थरात लहान उपगाठी विखुरलेल्या असतात. अर्बुद शिरांत आणि लसीकावाहिन्यांत शिरलेले असते. निदानाच्या वेळी बहुतेक रुग्णांत ते मूत्रपिंडाच्या बाहेर पसरलेले असते. सुमारे सत्तर टक्के वेळा ते उजव्या बाजूला असते, आणि हे प्रमाण निव्वळ योगायोगाने येण्यासारखे नाही.

१०/
सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी जाळीसारख्या रचनेत मांडलेल्या दिसतात. कुठे त्या गर्भावस्थेतील पीतककोशाच्या अर्बुदाची आठवण करून देतात, कुठे चाळणीसारखी छिद्रे दिसतात, तर कुठे कोणतीही शिस्त न राहिलेले पेशींचे थर. पेशींची केंद्रके मोठी असतात आणि त्यांतील केंद्रिका ठळक दिसतात. भोवती तंतुमय ऊतकाची दाट वाढ असते. तिच्यात न्यूट्रोफिल पेशी मिसळलेल्या असतात आणि कडेला लिम्फोसाइटची किनार असते. दाह आणि कर्करोग यांची अशी सरमिसळ झाल्याने, केवळ लहान तुकडा हाती आलेल्या निरीक्षकाची दिशाभूल होऊ शकते.

११/
या काचपट्टीवर आणखी एक खूण असते. अर्बुदातील बारीक रक्तवाहिन्यांत विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसू शकतात. ज्या रुग्णाची रक्ततपासणी कधीच झाली नाही, त्याच्या रक्ताची साक्ष अशा वेळी त्याच्या गाठीतून मिळते. पण ती साक्ष वाचली जाण्यासाठी पाहणाऱ्याच्या मनात तो प्रश्न आधी असावा लागतो. अर्बुदाच्या पेशी शोधणाऱ्या नजरेला वाहिनीतल्या तांबड्या पेशी पार्श्वभूमीसारख्या भासतात.

१२/
पुढचा टप्पा जनुकांचा. २२ व्या गुणसूत्रावर ‘एसएमएआरसीबी-१’ नावाचे एक जनुक आहे. ते घडवीत असलेल्या प्रथिनाला ‘आयएनआय-१’ असेही म्हणतात. पेशीकेंद्रातील डीएनएची गुंडाळी हवी तेव्हा सैल करणाऱ्या यंत्रणेचा हे प्रथिन एक घटक आहे. लहान मुलांच्या ‘रॅब्डॉइड’ अर्बुदांत ते नाहीसे होते, हे १९९८ पासून माहीत होते. या अर्बुदातही ते नाहीसे झालेले असते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढे आणले. यावरून एका साध्या रंजकचाचणीचा मार्ग खुला झाला. प्रथिन शाबूत असेल तर पेशीकेंद्रे तपकिरी होतात. या अर्बुदात ती कोरी राहतात.

१३/
हे प्रथिन हरपते कसे? अलीकडच्या संशोधकांची मांडणी अशी: गाभ्यातील प्राणवायूची टंचाई आणि क्षारांची तीव्रता यांचा एकत्रित ताण पेशींवर पडतो. त्या ताणात डीएनएचे धागे तुटतात आणि पुन्हा जोडताना चूक होते. नेमका हा जनुक असलेला भाग त्यात सापडला की कर्करोगाचे बीज पडते. अर्बुद उजव्या बाजूला अधिक का असते, याचे उत्तरही ही मांडणी रक्तपुरवठ्यातील फरकात शोधते. गृहीतक म्हणून ते समर्थ आहे, मात्र अंतिम निकाल म्हणून ते वाचू नये.

१४/
आज निदान तीन आधारांवर उभे राहते: सूक्ष्मदर्शकाखालची रचना, आयएनआय-१ प्रथिनाचा अभाव आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन. तिसऱ्या आधारासाठी रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी पुरते. यावाचून गफलत होण्याचा धोका असतो. संग्राहक नलिकांचा कर्करोग, मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग आणि फ्युमरेट हायड्रेटेज या विकराच्या अभावाने होणारा कर्करोग हे तिन्ही वरवर सारखे दिसू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात तर जनुकाचा अभाव या अर्बुदाच्या नावातच घालण्यात आला.

१५/
अचूक नावाचा हा आग्रह शास्त्रीय हौस म्हणून नाही. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगावर वापरली जाणारी लक्ष्यवेधी औषधे येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. येथे प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीवर भिस्त असते. ती दिल्यावरही प्रकाशित मालिकांमधील जगण्याचा मध्यक काळ एका वर्षाच्या थोडा पुढे जातो. म्हणजे चुकीच्या नावाखाली गेलेले दोन महिने हा रुग्णाच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा असतो.

१६/
तरीही निदान उशिरा होते, याचे एक कारण पहिल्या सहा विकारांतच दडलेले आहे. वाहकाच्या लघवीतून रक्त जाणे ही तशी अनोळखी गोष्ट नव्हे आणि बहुतेक वेळा त्यामागे गाठ नसतेच. ‘सिकलमुळे होते, थांबेल’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते, आणि शंभरांतील बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही निघते. जो वाहक असल्याचे कोणालाच ठाऊक नाही, त्याच्यावर मुतखड्याचे किंवा जंतुसंसर्गाचे उपचार होतात. एकाच्या बाबतीत माहिती असूनही शंका निवते, दुसऱ्याच्या बाबतीत माहितीच नसते.

१७/
दुसरे कारण इतिहासाने घडवलेले आहे. अमेरिकेत सिकल सेलची ओळख आरंभापासून ‘कृष्णवर्णीयांचा आजार’ अशीच झाली. त्या ओळखीने आजार दिसू लागला. पण दिसला तो वंशाच्या चौकटीतून. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने सिकल सेल नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच सुमारास काही राज्यांनी शाळेत किंवा विवाहाच्या परवान्यासाठी चाचणी सक्तीची केली. निरोगी वाहकांना नोकरीत आणि विम्यात अडवणूक सोसावी लागली. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे तर वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते.

१८/
वंशाची ही चौकट पाठ्यपुस्तकांतही उतरली. ‘आफ्रिकी वंशाचा तरुण, सिकल सेलचा वाहक, उजव्या मूत्रपिंडात गाठ’ असे या अर्बुदाचे चित्र विद्यार्थी पाठ करतात. पण त्यातील पहिला शब्द कारण नव्हे. कारण दुसरा शब्द आहे. अर्बुदाला त्वचेचा रंग कळत नाही, गाभ्यात वाकणारी पेशी तेवढी त्याच्या वाट्याची. नागपूर किंवा नंदुरबारमधील तरुण निरीक्षक हे वाक्य वाचून आपल्यासमोरचा रुग्ण त्यात बसत नाही असे मानील, तर ती चूक त्याच्या नजरेची कमी आणि वर्णनाच्या इतिहासाची अधिक.

१९/
कारण सिकल हिमोग्लोबिन भारतात आहे, हे कळून सत्तर वर्षे उलटली. १९५२ मध्ये लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत ते नोंदवले. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. विदर्भातील अनुसूचित जातींचे समाज, गडचिरोलीचे गोंड आणि माडिया, नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा यांच्या वस्त्यांत हा आजार आज घरोघर माहीत आहे. जी माहिती १९९५ च्या लेखाला संग्रहातून खणून काढावी लागली, ती येथे आशा कार्यकर्तीच्या वहीत लिहिलेली असते.

२०/
१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल अॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे ध्येय आणि सात कोटी लोकांची तपासणी हे उद्दिष्ट. तपासणीनंतर व्यक्तीला कार्ड दिले जाते. त्या कार्डाचा सांगितला जाणारा मुख्य उपयोग मात्र एकच: विवाह जुळवण्यापूर्वी दोन कार्डे शेजारी ठेवून पाहणे. वाहकाचे कार्ड त्याच्या भावी मुलांच्या आरोग्यासाठी आहे, त्याच्या स्वतःच्या आरोग्यासाठी नाही, असा समज त्यातून दृढ होतो.

२१/
या धाग्याचे म्हणणे येथेच आहे. कार्ड आणि काचपट्टी यांची गाठ पडली पाहिजे. मूत्रपिंडाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवताना भरल्या जाणाऱ्या अर्जावर वय, लिंग आणि लक्षणे यांच्याखाली एक ओळ असावी: सिकल सेल स्थिती. ती कोरी असेल तर चाचणी मागवावी. तरुण रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या मध्यभागी उग्र स्वरूपाचे अर्बुद आढळले, तर आयएनआय-१ ची रंजकचाचणी नेमाने व्हावी. आणि समुपदेशनातील त्या जुन्या वाक्याला एक जोड मिळावी: ‘वाहक निरोगी असतो, पण लघवीतून रक्त गेले तर अंगावर काढू नये, सोनोग्राफी करून घ्यावी.’

२२/
यावर पहिला आक्षेप येतो तो दुर्मीळतेचा. अमेरिकेतील अंदाज सुमारे २० ते ३९ हजार वाहकांमागे एक रुग्ण असा आहे. एवढ्यासाठी यंत्रणा का हलवायची? उत्तर असे की येथे यंत्रणा हलवण्याची मागणीच नाही. प्रत्येक वाहकाची दरवर्षी सोनोग्राफी करा, असे कोणी म्हटलेले नाही. तसे करणे अनाठायीच ठरेल. तपासणीचा खर्च आधीच झालेला आहे. त्यातून हाती आलेले उत्तर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नेण्यास एक ओळ पुरते. शिवाय ‘दुर्मीळ’ हा शब्द मोजणीवर अवलंबून असतो, आणि जेथे प्रश्नच विचारला जात नाही तेथे मोजणी होत नाही.

२३/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाहकांच्या मनात कर्करोगाची भीती का पेरायची? आदिवासी आणि दलित समाजांवर आधीच पुरेसे शिक्के आहेत. ‘रक्तात दोष’ असलेल्या मुलीचे लग्न मोडते, हे गावोगाव घडते. अमेरिकेच्या अनुभवाने तर दाखवूनच दिले की ओळख पटवणे आणि वगळणे यांत अंतर फार थोडे असते. हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. म्हणूनच ही माहिती कोणाच्या हाती जावी, याचा विचार व्हायला हवा.

२४/
ती डॉक्टरच्या अर्जावर असावी, भरतीच्या अर्जावर नव्हे. ती रुग्णाला त्याच्या भाषेत, शक्यतेच्या प्रमाणासह सांगितली जावी: धोका फार थोडा आहे, खूण ही आहे, ती दिसली तर येथे या. मात्र भीतीच्या भयाने माहिती दडवणे हाही एक प्रकारचा भेदभावच आहे. शहरातील सुखवस्तू रुग्णाला त्याच्या आनुवंशिक धोक्यांची यादी सल्ला म्हणून मिळते. वस्तीवरील रुग्णाला मात्र ‘काळजी करू नका’ एवढेच ऐकवले जाते. काळजी न करण्याचा सल्ला देणाऱ्याने काळजी घेण्याची व्यवस्था आधी उभी केलेली असावी.

२५/
१९९५ चा शोध लागला तो नव्या यंत्रामुळे नव्हे. कुणीतरी जुन्या काचपट्ट्यांशेजारी जुने कागद ठेवून पाहिले, आणि त्या कागदांवर हिमोग्लोबिनची नोंद होती, म्हणून तो लागला. वॉशिंग्टनची ती संस्था २०११ मध्ये बंद झाली. तिची कार्यपद्धती मात्र कोणत्याही जिल्हा रुग्णालयात अवलंबता येते. महाराष्ट्रात कागद तयार आहेत, काचपट्ट्याही तयार होत आहेत. दोहोंमध्ये एका ओळीचे अंतर आहे, आणि ती ओळ अजून अर्जावर छापायची आहे.